कँटोनीज बोलताना अभिजात वाक्प्रचार वापरावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रश्नकर्ते हाँगकाँगमधल्या एका कंपनीत नोकरीला आहेत. कामापुरती आणि त्याहून थोडी जास्त कँटोनीज त्यांना बोलता येते. हौसेने त्यांनी चार अक्षरी अभिजात वाक्प्रचार, म्हणजे 'सिंग-यू', पाठ केले. पण ऑफिसात ते वापरले की सहकारी कधी कौतुक करतात, तर कधी एकमेकांकडे बघतात. "हे पुस्तकी वाटतं का? बोलताना वापरूच नयेत का? आणि साहेबांच्या निवृत्तीच्या जेवणात दोन शब्द बोलायचे आहेत, त्यात कुठले घालू?" असे त्यांनी विचारले आहे आणि भाषणाचा मसुदाही सोबत पाठवला आहे.

मी हाँगकाँगमध्ये राहते. दुभाषाचे काम करते आणि भारतीयांना कँटोनीज शिकवते. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो आणि माझे उत्तर ठाम आहे: जरूर वापरा. वाक्प्रचाराला मात्र हात लावू नका, आणि त्याच्या आजूबाजूचे वाक्य शंभर टक्के बोलीतले ठेवा. बहुतेकांचे नेमके उलटे होते. वाक्प्रचार तोंडात नीट बसत नाही म्हणून तो मोडतात आणि भोवतालचे वाक्य उगाच पुस्तकी करतात. सहकारी एकमेकांकडे बघतात ते त्यामुळे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मराठीत आपण 'शुभस्य शीघ्रम्' सहज म्हणतो, 'येन केन प्रकारेण' म्हणतो, भांडणात 'विनाशकाले विपरीतबुद्धी' ऐकवतो. यात कोणाला पंडिती वास येत नाही, कारण पुढचे-मागचे सगळे घरचे मराठी असते: "अरे, शुभस्य शीघ्रम्, आजच जाऊन ये." पण 'शुभाचं शीघ्र' असे कोणी म्हटले तर हसू येईल. कँटोनीजमधल्या सिंग-यूची जागा थेट हीच आहे. ते प्राचीन चिनी भाषेचे गोठलेले तुकडे आहेत, त्यांचे व्याकरण आजच्या बोलीचे नाही, आणि तरीही ते रोजच्या तोंडातले आहेत.

हे तुकडे तोंडात येतात कुठून, तेही सांगते, कारण उच्चाराचे सगळे नियम तिथूनच निघतात. 2021च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधल्या सुमारे 88 टक्के लोकांची नेहमीची भाषा कँटोनीज आहे. शाळेत मूल वाचते ते मात्र प्रमाण लिखित चिनी, आणि ते मोठ्याने वाचते कँटोनीज उच्चारात. बोलताना 'नाही' साठी 'म्', 'तो' साठी 'खोय', 'चा-ची-चे' साठी 'के'. तेच पुस्तकात अनुक्रमे 'पत', 'था' आणि 'तिक'. म्हणजे प्रत्येक मुलाच्या कानात लहानपणापासून दोन थर असतात. वरच्या वर्गांत प्राचीन गद्य येते. 2018पासून शालान्त परीक्षेसाठी अभिजात भाषेतल्या 12 नेमलेल्या पाठांचा अभ्यास पुन्हा सक्तीचा झाला. त्यात प्राचीन इतिहासकार सिमा छियनच्या इतिहासातले लिन शियांगरू या मुत्सद्द्याचे चरित्र आहे. छिन राज्याच्या दरबारात नेलेले अमूल्य जेड रत्न ख्रिस्तपूर्व 283मध्ये जसेच्या तसे चाओ राज्यात परत आणणारा तो हाच. त्यावरून आलेला 'यून-पिक-क्वय-चिउ' (रत्न अखंड परत चाओला) हा वाक्प्रचार आज कोणी उसनी घेतलेली छत्री परत देताना वापरतो: "यी-का यून-पिक-क्वय-चिउ!" म्हणजे 'ही घ्या, जशी नेली तशी'. इतका हा मामला घरगुती आहे.

शाळेबाहेरचे झरेही मोठे आहेत. कँटोनीज ऑपेरा, 2009मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेला, अक्षरओळख नसलेल्या माणसांच्या कानातही अभिजात भाषा घालत आला. रेडिओवरचे कथाकथन होते, ऐतिहासिक टीव्ही मालिका होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यात हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांत 'साम-खप-तय' नावाची एक शैलीच होती: अभिजात, प्रमाण आणि बोली अशा तिन्हींचे मिश्रण एका परिच्छेदात. म्हणजे ही सरमिसळ आजची नाही आणि भ्रष्टही नाही. ती या भाषेची जुनी सवय आहे.

आता उच्चार. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण परका माणूस पकडला जातो तो अर्थात नव्हे, इथे.

आधी लिपीबद्दल दोन शब्द. रोमन लिपीत कँटोनीज लिहिताना जी, डी, बी ही अक्षरे वापरतात, पण तो आवाज घोष नाही. तो आपला क, त, प आहे; आणि के, टी, पी म्हणजे आपला ख, थ, फ. झेडने लिहितात तो 'चमचा'तला च. मराठी माणसाला हे सगळे जन्मजात येते. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'क' आणि 'ख' वेगळे काढायला वर्ष जाते, आपल्याला नाही. ऱ्हस्व 'अ' आणि दीर्घ 'आ' हा भेदही कँटोनीजमध्ये अर्थ बदलतो, तोही आपल्याकडे तयार आहे. सहा स्वर, म्हणजे आवाजाचे चढउतार, मात्र देवनागरीत दाखवता येत नाहीत. ते कानानेच घ्यावे लागतात.

एकाच अक्षराचे कँटोनीजमध्ये बरेचदा दोन उच्चार असतात, एक वाचनाचा आणि एक बोलण्याचा. 'घाबरणे' हे अक्षर घ्या. "मला भीती वाटते" हे बोलीत "ङो होउ केंग". पण 'एकदा आवाज काढला आणि सगळे थक्क' अशा अर्थाचा वाक्प्रचार 'यत-मिंग-किंग-यन' आहे. अक्षर तेच, इथे मात्र 'किंग'. 'आवाज' हे अक्षर बोलीत 'सेंग' ('ताय-सेंग' म्हणजे मोठ्याने), पण पूर्वेला हूल देऊन पश्चिमेला हल्ला करणे हे 'सिंग-तुंग-किक-सय'. 'चलाख' या अर्थी 'चेंग', पण वडीलधाऱ्यांना नववर्षाला द्यायच्या शुभेच्छेत 'लुंग-मा-चिंग-सन'. कोणाला जेवण देणे 'छेंग', पण पाठीवर काटेरी फांद्या बांधून क्षमा मागायला जाणे 'फू-किंग-छिंग-चोय'. ढब लक्षात आली असेल: बोलीतला 'एंग' वाचनात 'इंग' होतो आणि वाक्प्रचार वाचनाचा उच्चार धरून ठेवतात. "यत-मिंग-केंग-यन" म्हटलेत तर समोरच्याला अर्थ कळेल, पण दाताखाली खडा आल्यासारखे होईल.

नियम पोलादी नाही. 'आजार' या अक्षराचा बोलीतला उच्चार 'पेंग' इतका पक्का आहे की, औषधापलीकडे गेलेल्या दुखण्याचा वाक्प्रचारही लोक 'पेंग-यप-कोउ-फोंग' असाच म्हणतात. म्हणून प्रत्येक वाक्प्रचार कोणाच्या तरी तोंडून ऐकूनच पाठ करा, सुटी अक्षरे जोडून नको.

दुसरी गोष्ट स्वरांची. बोलीत रोजच्या वस्तूंच्या नावांचा स्वर बरेचदा वर चढतो. मासा मुळात 'यू', खालच्या उतरत्या स्वरात. पण हॉटेलात वाफवलेला मासा मागवताना तोच 'यू' वर चढत जातो. वाक्प्रचारात तो चढवायचा नाही. 'यू-यू-तक-सोय' (माशाला पाणी मिळावे तसे) किंवा 'यून-मुक-खउ-यू' (झाडावर चढून मासा शोधणे) यांत मासा मूळच्या खालच्या स्वरातच राहतो. ताटातला मासा आणि ज्याच्या ग्रंथातून हा झाडावरचा मासा आला त्या प्राचीन तत्त्वज्ञ मेन्शिअसचा मासा यांचा स्वर वेगळा. बाजारात कँटोनीज शिकलेली माणसे नेमकी इथे चुकतात, कारण त्यांच्या कानात फक्त ताटातला मासा असतो.

आणखी एक गंमत बघा. सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवला, ही गोष्ट 'ह्वायनान-त्स' या ग्रंथातली. वाक्प्रचार 'छॉय-युंग-सत-मा'. पहिले अक्षर 'सीमा' या अर्थी 'छॉय', पण तेच अक्षर 'कोंडणे' या अर्थी 'सक' वाचतात, आणि वाहतूक कोंडीसाठी रोज 'सक-छे' ऐकायला मिळते. त्यामुळे शिकणाऱ्याच्या तोंडी 'सक-युंग' येते आणि म्हाताऱ्याची ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी होते. दिसायला जवळची अक्षरेही फसवतात. जोरात चाललेल्या कामाला 'यू-फो-यू-थोउ' म्हणतात: आगीसारखे लाल, गवताच्या तुऱ्यांसारखे पांढरे. वू राज्याच्या सैन्याच्या तुकड्यांचे हे वर्णन. शेवटच्या अक्षरात 'चहा'च्या अक्षराहून फक्त एक रेघ जास्त आहे, म्हणून स्थानिक माणसेही 'यू-फो-यू-छा' म्हणून जातात. चोरट्या हालचालींचा 'क्वय-क्वय-सोय-सोय' असाच कित्येकांच्या तोंडी 'सुंग-सुंग' होतो. स्थानिकांच्या चुका खपतात. आपली चूक लक्षात राहते. हे अन्यायाचे आहे, पण आहे.

शंका आली की चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगचा कँटोनीज उच्चारांचा ऑनलाइन कोश बघा. त्यात अक्षराच्या प्रत्येक उच्चारासोबत तो कुठल्या शब्दांत येतो ते दिलेले असते. 'शुद्ध उच्चार' म्हणजे काय, यावर इथे मोठे वाद झाले आहेत. प्राध्यापक रिचर्ड हो मन-वुई यांनी 1008च्या 'क्वांग-युन' या यमककोशाला प्रमाण मानून उच्चार सुधारायची मोहीम चालवली, आणि अनेक भाषातज्ज्ञांनी त्यांना विरोध केला. माझे मत विरोधकांच्या बाजूचे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कोशापेक्षा आजच्या सुशिक्षित माणसाच्या तोंडातला उच्चार धरा.

आता सांधा. वाक्प्रचार आणि बोली यांची जोड जिथे बसते, तिथेच तुमचे बोलणे सहज वाटते किंवा फसते.

सगळ्यात सोपी जोड म्हणजे शेवटी बोलीचा एक छोटा अव्यय. सहकाऱ्याच्या बोलण्यात विसंगती सापडली: "नेइ कम कोंग मय ची-सॉंग-माउ-थन लो!" ('असं बोलतोस म्हणजे स्वतःचंच खोडतोयस की!'). 'ची-सॉंग-माउ-थन' हा तत्त्वज्ञ हान फेइच्या गोष्टीतल्या भाला-ढाल विकणाऱ्याचा वाक्प्रचार. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. त्याच्या आधीचे 'मय' आणि नंतरचे 'लो' मात्र इतके बोलीतले आहेत की पुस्तकात सापडणार नाहीत. हेच वाक्य पुस्तकी जोडशब्द घालून बोललात तर बातम्या वाचल्यासारखे वाटेल.

दुसरी जोड 'तोउ', म्हणजे 'इतके की'. "काउ-तोउ यत-थाप-वू-थोउ": करून ठेवले असे की नुसता विचका. तिसरी 'कम', म्हणजे 'असे, तसे': "कीन सी चउ कम पत-लिउ-लिउ-ची", ते प्रकरण असेच न मिटता मिटले. इथे शिकणारे पूर्ण झालेल्या क्रियेचा प्रत्यय 'चो' शेवटी चिकटवतात. नको. 'पत-लिउ-लिउ-ची'मध्ये संपणे आधीच आहे. तसेच वाक्प्रचाराच्या मागे कर्म टांगू नका, आणि 'होउ' (खूप) सरसकट पुढे लावू नका. तुडुंब गर्दीला 'माणसांचे डोंगर, माणसांचे समुद्र' म्हणून झाल्यावर पुन्हा 'खूप' कशाला?

नकाराची गोष्ट वेगळी. वाक्प्रचाराच्या आतले 'पत' म्हणजे अभिजात 'नाही'. ते बदलून 'म्' करू नका. बाहेरून नकार द्यायचा तर तो बोलीतला: "म्-होउ तक-छून-चन-छेक आ!", म्हणजे 'बोट दिलं म्हणून हात धरू नकोस'. बाहेर 'म्', आत चारही अक्षरे जशीच्या तशी. काही वाक्प्रचारांनी बोलीत आपले वेगळे रूप घेतले आहे, जसे 'म्-साम-म्-सेइ' (धड ना हे धड ना ते). ती रूपे भाषेने स्वतः घडवली आहेत. तुम्ही नवी घडवू नका.

आणि एखादा वाक्प्रचार जरा जडच वाटला, तर आधी "चिंग-सो-वय..." म्हणा, म्हणजे 'म्हणतात ना'. त्याने समोरच्याला कळते की आता थोडी उंच भाषा येते आहे. "चिंग-सो-वय छॉय-युंग-सत-मा" इतके म्हणून थांबलात तरी चालते. 'यीन-ची-फेइ-फुक' (त्यात भलेच नसेल कशावरून?) हा पुढचा भाग ऐकणारा मनात पुरा करतो. अर्धे सोडून देणे ही इथे भाषा मुरल्याची खूण आहे.

निवड कशी करायची? रागावलेल्या आजीच्या, टॅक्सीवाल्याच्या, दुकानदाराच्या तोंडून ऐकलेले वाक्प्रचार आधी घ्या. 'हेइ-यउ-छी-लेइ' हे शुद्ध अभिजात वाक्य आहे, 'असा कुठे न्याय असतो का!' अशा अर्थाचे, आणि ते भाजीबाजारात रोज ऐकू येते. 'मोक-मिंग-खेइ-मिउ' (काही कळेना हे काय) इतके मुरले आहे की लोक त्याच्याशी खेळतात. शेवटचे 'मिउ' (गूढ) आणि देऊळ या अर्थाचे 'मिउ' यांचा उच्चार एकच, म्हणून देवळाऐवजी भूमिदेवाची घुमटी आणून 'मोक-मिंग-खेइ-थोउ-तेइ-थोंग' म्हणतात. मला ही भाषा का आवडते असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देते. दोन हजार वर्षांची परंपरा आणि गल्लीतली मस्ती एका दमात.

मात्र जिथे कँटोनीजकडे स्वतःचा रसरशीत बोली वाक्प्रचार आहे, तिथे मित्रांमध्ये तोच वापरा. एकमेकांचे बोलणे न कळणे म्हणजे 'कय-थुंग-आप-कोंग', कोंबडी बदकाशी बोलते आहे. धांदरटपणा म्हणजे 'कय-सउ-आप-कॉक', कोंबडीचे हात नि बदकाचे पाय. गोंधळ 'छत-क्वोक-कम-लून', प्राचीन चीनमधल्या सात राज्यांइतका. विचारले एक आणि उत्तर भलतेच, याला बैठकीत 'ताप-फेइ-सो-मन' म्हणा. जेवणाच्या टेबलावर 'ङउ-थउ-म्-ताप-मा-चोय', बैलाच्या डोक्याला घोड्याचे तोंड. मनाची घालमेल मँडरिनमध्ये 'सात वर आठ खाली' असते, कँटोनीजमध्ये तिचे शेवटचे अक्षर वेगळे: 'छत-सॉंग-पात-लोक'. मँडरिनच्या पुस्तकातून पाठ केले असेल तर इथे दुरुस्त करून घ्या.

आता तुमच्या भाषणाकडे येते. तुम्ही लिहिलेल्या मसुद्यात तीन धोके आहेत आणि तिन्ही शिष्टाचाराचे आहेत. साहेबांच्या हाताखाली तुम्ही 'छिंग-छत-यू-लाम' झालात, असे लिहिले आहे. प्राचीन तत्त्वज्ञ शून-त्सच्या निबंधातली ही ओळ: निळा रंग नीळ झाडातून निघतो आणि तिच्याहून गडद होतो. म्हणजे शिष्य गुरूच्या पुढे गेला. हे गुरूने म्हणावे, तिसऱ्याने म्हणावे. शिष्याने स्वतःबद्दल कधीच नाही. साहेबांच्या भाषणानंतर बोलताना त्यांच्या बोलण्याला 'फाउ-चून-यन-युक' म्हणायचे ठरवले आहे. त्याचा अर्थ 'वीट फेकून जेड रत्न मिळवणे', आणि तो फक्त स्वतःच्या बोलण्याबद्दल, नम्रपणे म्हणायचा असतो. साहेबांचे बोलणे वीट आणि तुमचे रत्न, असे होईल! तिसरे, 'तिंग-लिक-सॉंग-चो' म्हणजे दुसऱ्याने केलेली थोर मदत. 'मी तिंग-लिक मदत करीन' हे चालत नाही.

त्याऐवजी इतकेच बोला: "तो-चे नेइ यत-चिक-यी-लॉय के तिंग-लिक ची-छी" (आजवरच्या भरभक्कम पाठिंब्याबद्दल आभार), मग तुमच्याच बोलीत साहेबांची एखादी खरी आठवण, त्यानंतर आपण 'वोक-यिक-लॉंग-तो' (पुष्कळ काही मिळाले), आणि शेवटी "चुक नेइ सन-थय-कीन-होंग" (प्रकृती उत्तम राहो). मधली आठवण जितकी साध्या बोलीत असेल तितके अलीकडचे-पलीकडचे वाक्प्रचार उठून दिसतील. तीन मिनिटांच्या भाषणाला एवढे पुरे.

शुभेच्छांच्या बाबतीत तर चार अक्षरे बोलणे हाच रिवाज आहे, तिथे पुस्तकी वाटण्याचा प्रश्नच नाही. नववर्षाला 'कुंग-हेइ-फात-छॉय' सगळ्यांना. विद्यार्थ्याला 'होक-यीप-चन-पोउ' (अभ्यासात प्रगती), नोकरदाराला 'पोउ-पोउ-कोउ-सिंग' (पायरीपायरीने बढती), दुकानदाराला 'साङ-यी-हिंग-लुंग' (धंद्याला बरकत). मुलांनी लाल पाकीट हातात घेण्याआधी असे दोन-चार म्हणायचे असतात. इथल्या शाळांत जाणारी आपली मुले हे फार लवकर उचलतात, आणि शेजारच्या आजी-आजोबांना त्याचा आनंद होताना मी पाहिला आहे. दुःखाच्या घरीही तसेच: 'चीत-ऑय-सन-पीन' (शोक आवरा, जे झाले ते स्वीकारा) ही चार अक्षरे हळू आवाजात म्हणायची आणि पुढे काही बोलायचे नाही. आपल्याकडे जवळ बसून चौकशी करतात, तशी इथे अपेक्षा नसते.

सरावाचे सांगायचे तर पाठांतराच्या याद्या बाजूला ठेवा. पूर्वी शालान्त परीक्षेत चिनी भाषेची तोंडी गटचर्चा असे. मुले त्यात याद्यांतले वाक्प्रचार ठासून भरत, आणि ते ऐकताना जीव गुदमरे. 2024पासून ती परीक्षा बंद झाली, पण याद्या अजून विकल्या जातात. तुम्ही रेडिओवरचा फोन-इन कार्यक्रम लावा, विधान परिषदेतल्या चर्चा ऐका. तिथे माणसे तावातावाने, न वाचता बोलतात. वाक्प्रचार ऐकू आला की तो एकटा लिहू नका, त्याच्या आधीचा शब्द आणि शेवटचा अव्यय धरून सबंध वाक्य लिहा. ते वाक्य त्याच चढउतारात मोठ्याने म्हणा, आणि तसा प्रसंग आला की बदल न करता वापरा. समोरच्याने न थबकता पुढचे बोलणे चालू ठेवले, तर तो वाक्प्रचार तुमचा झाला, मग पुढचा घ्या.